उसने पहारेकरी: विषाणूंशी लढण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टी पेशी

लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या माणसाला साठी उलटल्यावर कधीतरी कमरेच्या किंवा छातीच्या एका बाजूला पट्ट्यासारखी नागीण उठते. ही कुठून लागली, असे घरातले लोक विचारतात. पण ती कोणाकडूनही लागलेली नसते. कांजिण्यांचा विषाणू पन्नास-साठ वर्षे मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबा धरून बसलेला असतो आणि वयोमानाप्रमाणे त्याच्यावरचा पहारा सैल पडला की पुन्हा डोके वर काढतो. हा पहारा देणाऱ्या पांढऱ्या पेशींना टी पेशी म्हणतात. एखाद्या रुग्णाच्या शरीरात हे पहारेकरीच उरले नसतील, तर निरोगी माणसाचे पहारेकरी त्याला उसने देता येतील का, या प्रश्नावर गेली तीस-पस्तीस वर्षे संशोधन चालू आहे. त्यातील एक महत्त्वाचा धागा अमेरिकेतील ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. हेलन हेस्लॉप, क्लिओना रूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाचा आहे. हा लेख मुख्यतः त्या धाग्याविषयी आहे.

कांजिण्यांच्या विषाणूसारखे आयुष्यभर मुक्काम ठोकणारे आणखी अनेक विषाणू आहेत. १९६४ साली युगांडातून लंडनला आलेल्या गाठीच्या नमुन्यात सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो. तो रक्तातील बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये राहतो. सायटोमेगालोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, भारतातील बहुसंख्य प्रौढांना लहानपणीच झालेला असतो. मूत्रपिंडात व मूत्रमार्गात बीके विषाणू राहतो. आपल्यापैकी बहुतेकांना यांपैकी दोन-तीन पाहुण्यांची कल्पनाही नसते, कारण त्या-त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी त्यांना डोके वर काढू देत नाहीत. रक्तात प्रतिपिंडेही असतात, पण ती मुख्यतः पेशींबाहेर फिरणाऱ्या विषाणूला पकडतात. पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूचा माग काढण्याचे काम टी पेशींकडे असते.

बंद दाराआडचा विषाणू टी पेशीला बाहेरून कसा कळतो, हे समजले की पुढचे सगळे सोपे जाते. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आतमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे करून ते स्वतःच्या पृष्ठभागावर मांडते. घरात आज काय शिजले आहे त्याचा नमुना रोज वाटीत घालून उंबऱ्यावर ठेवावा, तसे हे आहे. या वाट्या म्हणजे एचएलए नावाची प्रथिने. पेशीत विषाणू शिरला की त्याच्या प्रथिनांचे तुकडेही वाटीत येतात, आणि गस्तीवरची टी पेशी ते ओळखून त्या पेशीचा नाश करते. मात्र टी पेशी नुसता पदार्थ ओळखत नाही. ती वाटी आणि पदार्थ दोन्ही मिळून ओळखते. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ त्सिंकरनागेल यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे उंदरांवर प्रयोग करून हे दाखवले, आणि १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाट्यांची नक्षी माणसागणिक वेगळी असते. भावंडांमध्ये ती जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि आईवडिलांशी ती साधारणपणे निम्मी जुळते. टी पेशी उसन्या देण्याच्या उपचारातील बहुतेक अडचणी या नक्षीपाशीच येऊन थांबतात.

आता रुग्णाकडे वळू. रक्ताचा कर्करोग किंवा अप्लास्टिक अॅनिमियासारखा आजार असलेल्या रुग्णावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण करायचे असते, तेव्हा आधी तीव्र औषधांनी आणि काही वेळा किरणोत्साराने त्याची जुनी अस्थिमज्जा नष्ट केली जाते. मग दात्याच्या मूळ पेशी शिरेतून दिल्या जातात. लाल पेशी आणि काही पांढऱ्या पेशी दोन-चार आठवड्यांत पुन्हा तयार होऊ लागतात, पण विषाणूंची ओळख असलेल्या टी पेशींचे दल उभे राहायला अनेक महिने लागतात. या मधल्या काळात दबून बसलेले विषाणू जागे होतात. सीएमव्हीमुळे फुप्फुसाचा दाह होतो, बीके विषाणूमुळे लघवीतून रक्त जाऊन असह्य वेदना होतात, लहान मुलांमध्ये अॅडिनोव्हायरस यकृतापर्यंत पोहोचतो. औषधे आहेत, पण गॅन्सिक्लोव्हिर नव्याने रुजणाऱ्या अस्थिमज्जेलाच दाबते, फॉस्कार्नेट आणि सिडोफोव्हिर मूत्रपिंडांना इजा करतात, आणि बीके विषाणूवर खात्रीचे औषध अजून नाही. शिवाय औषध विषाणूची वाढ रोखून धरते, पण पहारा काही परत येत नाही. म्हणून औषध थांबवले की विषाणू पुन्हा उसळू शकतो.

ईबीव्हीचा प्रश्न तर आणखी अवघड होता. हा विषाणू बी पेशींना अखंड विभागत राहण्यास भाग पाडू शकतो, आणि टी पेशींचा धाक नसेल तर काही आठवड्यांत त्यातून लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, उभा राहतो. दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करू नयेत म्हणून प्रत्यारोपणाआधी त्या काढून टाकण्याची पद्धत त्या काळी रूढ होत होती, आणि अशाच रुग्णांमध्ये हा लिम्फोमा अधिक दिसू लागला. एक धोका टाळण्याच्या प्रयत्नात दुसरा दारात उभा राहिला होता.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील रिचर्ड ओ'रायली यांच्या गटाने १९९४ साली असा लिम्फोमा झालेल्या ५ रुग्णांना त्यांच्या दात्याच्या पांढऱ्या पेशी सरसकट दिल्या आणि पाचही जणांमधील कर्करोग मागे हटला. दात्याच्या रक्तात उपाय आहे, हे यातून स्पष्ट झाले. पण दात्याच्या न निवडलेल्या टी पेशींमध्ये ईबीव्ही ओळखणाऱ्या थोड्या आणि रुग्णाच्या शरीरालाच परके समजणाऱ्या पुष्कळ असतात. त्या त्वचा, आतडी आणि यकृत यांवर तुटून पडतात. गरज होती ती नेमक्या पेशी वेगळ्या काढून वाढवण्याची. सीएमव्हीच्या बाबतीत सिअॅटल येथील फ्रेड हचिन्सन केंद्रात स्टॅन्ली रिडेल आणि फिलिप ग्रीनबर्ग यांनी ते करून दाखवले होते. १९९२ साली त्यांनी पहिल्या ३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला; १९९५ च्या अहवालातील १४ रुग्णांपैकी एकालाही सीएमव्हीचा आजार झाला नाही. एक बारकावा मात्र त्यांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी मारेकरी प्रकारच्या टी पेशीच दिल्या होत्या. ज्या रुग्णांमध्ये साहाय्यक प्रकारच्या टी पेशी परत आल्या नव्हत्या, त्यांच्यात या दिलेल्या पेशी हळूहळू कमी होत गेल्या. त्यामुळे पुढच्या संशोधकांनी दोन्ही प्रकारांचे मिश्रण देण्याकडे लक्ष दिले.

हेलन हेस्लॉप मूळच्या न्यूझीलंडच्या, ओटागो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या रक्तविकारतज्ज्ञ. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्या, क्लिओना रूनी आणि माल्कम ब्रेनर हे मेम्फिस येथील सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयात काम करत होते. पुढे हा गट ह्यूस्टनला गेला. त्यांची पद्धत अशी होती. दात्याचे थोडे रक्त घ्यायचे. त्यातील बी पेशींना प्रयोगशाळेत ईबीव्हीची लागण करायची, म्हणजे त्या विषाणूचे तुकडे वाटीत मांडू लागतात. मग या बी पेशींना किरणोत्साराने वाढीस असमर्थ करून त्याच दात्याच्या टी पेशींसमोर पुन्हा पुन्हा ठेवायचे. ज्यांना हा विषाणू ओळखता येतो त्याच टी पेशी उद्दीपित होऊन वाढतात. बाकीच्या, म्हणजे रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू शकणाऱ्यासुद्धा, उपासमारीने मागे पडतात. चाळणी आणि मशागत एकाच वेळी होते. या कामाला दोन-तीन महिने लागत.

तयार झालेल्या पेशींची मात्रा अगदी लहान असे. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे २ कोटी पेशी, म्हणजे मध्यम बांध्याच्या प्रौढासाठी तीन-साडेतीन कोटी. ही संख्या मोठी वाटते, पण निरोगी शरीरात लसिका पेशींची संख्या १ लाख कोटींच्या घरात असते, हे लक्षात घेतले की प्रमाणाची कल्पना येते. सलाईनच्या मोठ्या बाटलीची गरज नसते. काही मिलिलिटर द्रव शिरेतून सोडला की काम झाले. या मूठभर पेशी विषाणू दिसताच रुग्णाच्या शरीरात स्वतःच वाढतात. औषधाची मात्रा दिल्या क्षणापासून घटत जाते, इथे मात्र गरज असेल तितकी ती वाढते आणि गरज सरली की पेशी मोजक्या संख्येने शिल्लक राहतात.

हे खरोखर असेच घडते का, हे तपासण्यासाठी या गटाने जी युक्ती योजली, ती मला त्यांच्या सगळ्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. रुग्ण बरा झाला तरी दिलेल्या पेशींमुळे बरा झाला की नव्या अस्थिमज्जेतून आपोआप आलेल्या पेशींमुळे, हे कसे सांगणार? दोन्ही पेशी एकाच दात्याच्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यात फरक दिसणार नाही. म्हणून त्यांनी देण्यापूर्वी पेशींच्या जनुकसंचात जिवाणूंकडील एक निरुपद्रवी जनुक खूण म्हणून घातले. मनोऱ्यावर सोडण्यापूर्वी कबुतराच्या पायात कडे अडकवावे, तशी ही खूण. माणसाच्या इतर कोणत्याही पेशीत ती नसल्याने पुढे कधीही रक्त तपासले की आपल्या पेशी किती उरल्या आहेत, हे कळत असे.

१९९५ साली त्यांनी १० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील तिघांच्या रक्तात ईबीव्हीचा डीएनए हजारपटीने किंवा त्याहून अधिक वाढलेला होता. पेशी दिल्यावर तीन-चार आठवड्यांत तो पूर्वपदावर आला. पुढच्या वर्षीच्या लेखात खुणेच्या पेशी १८ महिन्यांपर्यंत आढळत असल्याचे दिसले. विषाणूने पुन्हा उचल खाल्ली की त्या पेशीही पुन्हा वाढत होत्या. दीर्घकालीन पाठपुराव्यात तर ही खूण ९ वर्षांपर्यंत सापडली. २०१० च्या अहवालात एकूण ११४ रुग्णांची माहिती आली. प्रतिबंध म्हणून पेशी दिलेल्या १०१ जणांपैकी एकालाही ईबीव्हीचा लिम्फोमा झाला नाही, आणि आधीच लिम्फोमा झालेल्या १३ जणांपैकी ११ जण पूर्ण बरे होऊन तसेच राहिले. पूर्वी हा निदानाचा कागद हातात आला की आशा संपत असे, हे ध्यानात घेतले की या आकड्यांचे वजन कळते.

उरलेल्यांपैकी एका रुग्णाची हकीकत मात्र यशाच्या आकड्यांपेक्षा जास्त शिकवून गेली. २००१ साली या गटाने स्वतःच ती प्रसिद्ध केली. पेशी देऊनही त्या रुग्णाचा लिम्फोमा वाढत गेला आणि रुग्ण दगावला. शोध घेतल्यावर असे दिसले की दात्याच्या टी पेशी मुख्यतः विषाणूच्या एकाच प्रथिनातील दोन तुकडे ओळखत होत्या, तेही ए-११ या प्रकारच्या एचएलए वाटीतून. आणि गाठीतील विषाणूच्या जनुकसंचातून नेमका तोच भाग गळून गेला होता. ज्या खुणेवरून त्याला पकडायचे ती खूणच त्याने पुसली होती. विषाणूला एका ठिकाणी धरून चालणार नाही, अनेक प्रथिनांतील अनेक तुकडे ओळखणाऱ्या पेशी एकत्र द्याव्या लागतील, हा धडा तेव्हापासून पेशी तयार करण्याच्या प्रत्येक पद्धतीत धरलेला आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. लिम्फोमा झालेला किंवा अॅडिनोव्हायरसने घेरलेला रुग्ण तीन महिने थांबू शकत नाही. ह्यूस्टनच्याच अॅन लीन आणि सहकाऱ्यांनी जिवंत विषाणूचा वापर सोडून दिला. त्याऐवजी विषाणूच्या प्रथिनांचे कृत्रिमरीत्या बनवलेले, एकमेकांवर थोडे थोडे चढणारे तुकडे त्यांनी वापरायला घेतले. सोबत टी पेशींना पोसणारे इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-७ हे घटक घातले आणि तळातून वायू आत झिरपू देणारे वेगळ्या रचनेचे वाढीचे भांडे वापरले. महिन्यांचे काम सुमारे दहा दिवसांवर आले, आणि एकाच पिशवीत ईबीव्ही, सीएमव्ही, अॅडिनोव्हायरस, बीके आणि मानवी हर्पिसव्हायरस-६ अशा ५ विषाणूंना ओळखणाऱ्या पेशी वाढवता येऊ लागल्या. युरोपातील काही केंद्रांनी वेगळी वाट धरली: दात्याच्या रक्तातून नेमक्या पेशी चुंबकीय कणांच्या साहाय्याने काही तासांत वेचून घ्यायच्या आणि न वाढवताच द्यायच्या. ही पद्धत झटपट होते, पण दात्याच्या रक्तात त्या पेशी पुरेशा असाव्या लागतात.

तरीही दाताच हाताशी नसेल, किंवा दात्याला तो विषाणू कधी झालाच नसेल, तर काय करायचे? नाळेच्या रक्तातून केलेल्या प्रत्यारोपणात हाच पेच येतो, कारण नवजात बाळाच्या पेशींनी हे विषाणू पाहिलेलेच नसतात. यावर एडिंबरा येथील डॉरोथी क्रॉफर्ड आणि तन्झिना हक यांच्या गटाने पेढीची कल्पना प्रत्यक्षात आणली. निरोगी रक्तदात्यांच्या ईबीव्ही-ओळखू टी पेशी आधीच वाढवून, त्यांच्या एचएलएची नोंद करून, गोठवून ठेवायच्या, आणि रुग्ण आला की त्याच्याशी जास्तीत जास्त जुळणारी कुपी काढायची. २००७ च्या त्यांच्या अहवालात ३३ रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना सहा महिन्यांनंतरही लाभ टिकलेला दिसला. ह्यूस्टनच्या गटाने २०१३ साली ५० रुग्णांत ७४ टक्के, तर २०१७ साली पाच विषाणूंवरील पेशी वापरून ३८ रुग्णांत ९२ टक्के प्रतिसाद नोंदवला. नक्षी पूर्ण जुळत नसूनही अवयवांवर गंभीर हल्ला फारसा झाला नाही, ही सर्वांना दिलासा देणारी गोष्ट होती. चाळणी इतकी बारीक झाली होती की इतर पेशी फारशा उरल्याच नव्हत्या.

मात्र हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या बहुतेक अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी काही महिन्यांनी परत येतातच, आणि त्या आल्या की विषाणू ओसरतो. मग ९२ टक्क्यांतील किती श्रेय दिलेल्या पेशींचे, हे तुलनेशिवाय ठरवता येत नाही. पोसोल्यूसेल या नावाने ह्यूस्टनच्या या अनेक विषाणूंवरील पेशी तिसऱ्या टप्प्याच्या तीन मोठ्या चाचण्यांत उतरल्या, तेव्हा काही रुग्णांना पेशी आणि काहींना नुसता द्रव देण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये या तिन्ही चाचण्या थांबवाव्या लागल्या. मधल्या तपासणीत, अपेक्षित फरक सिद्ध होण्याची शक्यता उरलेली नाही, असे दिसले होते. सुरक्षिततेची अडचण नव्हती. या क्षेत्राकडे आशेने पाहणाऱ्या प्रत्येकाला ही बातमी लागली असणार, मलाही लागली. पण चाचणी याचसाठी असते. माझ्या मते यातून उपचार निरुपयोगी ठरत नाही. कोणत्या रुग्णाला, कोणत्या वेळी आणि कोणत्या विषाणूसाठी पेशी द्यायच्या, हे अजून नेमके बांधायचे आहे, एवढे त्यातून कळते.

त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, युरोपीय आयोगाने टॅबेलेक्ल्यूसेल या ईबीव्हीवरील तयार पेशींना मान्यता दिली होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधील कामातून त्या विकसित झाल्या, आणि दुसऱ्या माणसाच्या टी पेशींपासून आधीच तयार करून ठेवलेल्या उपचाराला जगात मिळालेली ही पहिली मान्यता होती. प्रत्यारोपणानंतरचा ईबीव्ही लिम्फोमा इतर उपचारांना दाद देत नाही तेव्हा त्या वापरतात. त्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ४३ पैकी २२ रुग्णांना प्रतिसाद मिळाला. इतर उपाय हरलेल्या रुग्णांमधील हा आकडा आहे.

आपल्याकडे कार-टी उपचाराचे नाव अधिक ऐकू येते, त्यामुळे फरक सांगणे गरजेचे आहे. मुंबई आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. त्यात रुग्णाच्याच टी पेशींमध्ये कृत्रिम ग्राहक बसवून त्यांना नवे लक्ष्य शिकवले जाते. विषाणूंसाठीच्या टी पेशींना असे काही शिकवावे लागत नाही, कारण दात्याच्या शरीराने ते शिक्षण लहानपणीच घेतलेले असते. म्हणूनच कार-टीनंतर दिसणारी तीव्र तापाची आणि रक्तदाब घसरण्याची प्रतिक्रिया यात क्वचितच उद्भवते. स्टेरॉइडची मोठी मात्रा चालू असेल तर मात्र दिलेल्या पेशी मरतात, त्यामुळे अशा रुग्णांना आधी ती मात्रा उतरवावी लागते. हेही स्पष्ट असावे की हा उपचार प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांसाठी आहे. सर्दी, फ्लू किंवा डेंग्यू झालेल्या, एरवी धडधाकट माणसाला त्याचा उपयोग नाही, आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पेशी’ अशा मोघम नावाने कोणी काही विकत असेल, तर त्याचा या संशोधनाशी संबंध नाही.

भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. आज देशात अनेक केंद्रांत ती होतात, आणि पूर्ण जुळणारे भावंड नसेल तर निम्मे जुळणाऱ्या आई, वडील किंवा भावंडांच्या पेशी घेऊन ती करण्याचे प्रमाण वाढले आहे. अशा वेळी दात्याच्या रक्तातून विषाणू-ओळखू पेशी काढणे शक्य असते, कारण दाता घरातलाच असतो आणि सीएमव्ही व ईबीव्ही त्याला बहुधा होऊन गेलेले असतात. गोठवलेल्या पेशींच्या पेढीचा प्रश्न वेगळा आहे. एचएलएच्या नक्षींचे प्रमाण लोकसमूहागणिक बदलते. ज्या ए-११ वाटीचा उल्लेख वर आला, ती आशियातील आणि आपल्याकडील लोकांमध्ये बरीच आढळते. ह्यूस्टन किंवा एडिंबरा येथील दात्यांवर उभारलेली पेढी सातारच्या किंवा मडगावच्या रुग्णाला पुरेशी जुळेलच असे नाही, म्हणून इथल्या रुग्णांसाठीची पेढी इथल्याच रक्तदात्यांच्या पेशींतून उभी करावी लागेल.